एकसष्ट नंबरची पेटी

१

एकोणीसशे नव्व्याण्णव साल. मार्च महिना, गुरुवार, सकाळचे साडेनऊ. दफ्तरखान्यात मी बासष्ट नंबरच्या पेटीची नाडी सोडली, आतली ‘उपाहारगृहाच्या तक्रारी’ असं लिहिलेली फाइल काढली आणि तिच्यातला सगळ्यात वरचा कागद उचलला. कागद कोरा होता. उलटून पाहिला. मागूनही कोरा.

आज मी पंच्याहत्तरीत आहे. काल रात्री काय जेवले ते विचाराल तर सांगता येणार नाही, पण त्या कागदाचा जाड, गुळगुळीत स्पर्श अजून बोटांना आठवतो. त्याच्या जागी जे पत्र असायला हवं होतं, त्यावर सरकारचा अख्खा खटला उभा होता.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. तेव्हा आम्ही नुसतं ‘कंपनी’ म्हणायचो आणि कुणाचा गैरसमज होत नसे. दहातले नऊ संगणक तिच्या प्रोग्रामशिवाय सुरूच होत नसत. तेवढ्यावर तिचं पोट भरलं नाही. संगणक बनवणाऱ्या कारखान्यांना तिने दम भरला, की दुसऱ्या कुणाचा प्रोग्राम आत घातलात तर आमचा मिळणार नाही. त्यात एका माणसाचा, पत्रं लिहायच्या सुबक प्रोग्रामचा धंदा बसला. त्याने तक्रार केली, आणि आमच्या खात्याने कंपनीवर मक्तेदारीचा खटला भरला.

न्यायालयाने कंपनीला कागदपत्रं सोपवायला सांगितली. कंपनीने सूड म्हणून दोनशे बारा पेट्या पाठवल्या. मागितलं पेलाभर, ओतला हौद. शोधा म्हणे, बुडून मरा. मी चार महिने एकेक पान उलटत बसले, आणि ‘चहा पाणचट असतो’ अशा तक्रारींच्या खाली मला ते पत्र सापडलं. विक्रीप्रमुखाने मालकाला लिहिलेलं. समासात मालकाच्या हातची निळी पेन्सिल: ‘जो त्यांचा माल घालेल त्याला आपला नाही. त्यांचं दुकान बंद होईपर्यंत.’

कंपनीने न्यायालयात सरळ सांगितलं, की समासातली अक्षरं सरकारने झेरॉक्स काढताना घुसडली आहेत. न्यायाधीश म्हणाले, सोमवारी अकरा वाजता मूळ पत्र माझ्या टेबलावर आणा. नाही आणलंत तर पत्र बाद.

गुरुवारी ते गेलं होतं. दफ्तरखान्याची किल्ली एकच, आणि ती माझ्या कमरेला. शिवाय माझा सख्खा भाचा त्याच कंपनीत इंजिनिअर. संशय घ्यायला कुणाला लांब जायची गरजच नव्हती.

आमच्या बाजूचे वकील, ज्यांना सगळं खातं ‘मोठे वकील’ म्हणायचं, त्यांनी आमच्या खात्याच्या साहेबांच्या खोलीत सगळ्यांसमोर मला उभं केलं. “बाई, सोमवारी पत्र टेबलावर नसेल तर मी स्वतः पोलिसांना तुमचं नाव देणार. सव्वीस वर्षांची नोकरी आणि पेन्शन, दोन्हीवर पाणी सोडा.”

“मी घेतलेलं नाही, साहेब.”

“भाच्याला तरी विचारा मग. घरचाच आहे.”

२

दुपारी तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, जाड तळव्यांचे बूट, आणि कायमची सर्दी. खात्यात बदली होण्याआधी अठरा वर्षं त्यांनी वजनमापं तपासली होती. दुकानदार त्यांना बघून तराजू लपवायचे म्हणे.

“तुम्हीच का त्या?” त्यांनी रुमालामागून मला विचारलं.

“मीच.”

“रडायचं असेल तर आत्ता रडून घ्या. नंतर मला वेळ नाही.”

मी रडले नाही. मला त्यांचा रागच आला.

आधी त्यांनी दफ्तरखाना पाहिला. पुढच्या भागात वाचायची टेबलं, मागे लोखंडी मांडण्यांच्या रांगा. मांडण्यांत कुणी शिरलं की टेबलावरून दिसत नाही. पेट्या फक्त मी आणून द्यायच्या हा नियम. प्रत्येक पेटीला सुती नाडी, तिची गाठ मी एका फासाची बांधते, ओढली की सुटते. पेट्यांवर कंपनीने चिकटवलेले आकडे होते, त्यांवर मी आमच्या खात्याच्या चिठ्ठ्या डकवल्या होत्या, एक ते दोनशे बारा. एवढं सगळं त्यांनी विचारून घेतलं.

मग दारावरचा पहारेकरी. आम्ही त्याला पैलवान म्हणायचो, आणि तो खरोखरच होता.

“बाहेर जाणाऱ्याला तपासतोस?”

“खिसे, बाह्या, मोजे. साहेब असला तरी सोडत नाही.”

“आणि हातातले कागद?”

“बाहेरच्या माणसाच्या प्रत्येक कागदावर आत जाताना जांभळा शिक्का मारतो. शिक्क्याशिवाय कागद बाहेर नाही. आपल्या लोकांचे नुसते मोजतो. जितके आत तितके बाहेर.”

“वाचत नाहीस?”

“वाचायला मला ठेवलेलं नाही, बाई.”

त्याच्या वहीत बुधवारचे चार जण होते. खात्याचे संगणकतज्ज्ञ, दहा ते पाच. कंपनीच्या वकीलबाई, दहा ते चार. तक्रारदार, अकरा ते तीन. मोठे वकील, एक वाजून आठ ते एक पंचवीस, चोवीस कागद आत, चोवीस बाहेर. पाचवी मी. माझ्या जाण्यायेण्याची नोंद होत नसे.

“पत्र शेवटचं कधी पाहिलंत?”

“बुधवारी सकाळी दहाला. मी रोज उघडून पाहायचे. संध्याकाळी पाहिलं नाही.”

“का?”

“डोकं दुखत होतं.”

“मधे खोली सोडलीत?”

“नाही,” मी म्हणाले.

“पैलवान म्हणतो, सोडलीत.”

“हां, ते… बाथरूमला गेले होते.”

बाई शिंकल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. अठरा वर्षं ज्या नजरेने त्यांनी खोटी वजनं पाहिली असतील, त्याच नजरेने.

खरं काय ते इथे सांगून टाकते. बुधवारी एक वाजून पाच मिनिटांनी खालच्या ऑपरेटरचा निरोप आला, घरून तातडीचा फोन आहे. दफ्तरखान्यात फोन नव्हता. मी धावत खाली गेले. फोनवर माझी थोरली बहीण होती.

“तुला लाज आहे का?” ताईने सुरुवातच तशी केली. “त्याच्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, तुमच्या मावशीला आमच्या पेट्यांत नाक खुपसायचे किती पैसे मिळतात? माझ्या पोराची नोकरी घालवणार तू!”

मी दोनदा फोन ठेवायला निघाले. दोन्ही वेळा ती म्हणाली, “ठेवू नकोस. एक वाजून पाचलाच लाव म्हणाला तो, म्हणून मी घड्याळ बघत बसले होते. वीस मिनिटं तरी ऐकून घे.”

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. गुरुवारी कोरा कागद हातात आला, आणि ते ‘वीस मिनिटं’ माझ्या कानात खणखणलं. मला दफ्तरखान्यातून बाहेर काढायला कुणीतरी माझ्या भाच्याचा आणि बहिणीचा वापर केला होता. हे मी बोलले असते तर सुटले असते, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीने भाच्याला हाकललं असतं. किंवा आणखी काही. तो सत्तावीस वर्षांचा होता, नुकतं लग्न झालेलं. ताईच्या नवऱ्यामागे तिला तोच एक.

म्हणून मी बाथरूमला गेले होते.

३

शुक्रवारी सकाळी बाईंनी चौघांना एकेक करून बोलावलं. मला कोपऱ्यात बसवलं, नोंदी घ्यायला. मला वाटतं, माझा चेहरा बघायला.

आधी तज्ज्ञ. ते पूर्वी कॉलेजात शिकवायचे, म्हणून आम्ही त्यांना गुरुजी म्हणायचो.

“पत्र कुठे ठेवलेलं होतं?” बाईंनी विचारलं.

“बासष्टमधे. उपाहारगृहाची फाइल. मीच तपासलं ते, चारदा.”

“कंपनीच्या यादीत त्याचा आकडा एकसष्ट आहे.”

गुरुजी हसले. “कारण त्यांची पहिली पेटी शून्य आहे. प्रोग्राम लिहिणारी जमात शून्यापासून मोजते. मीसुद्धा. तुम्ही सरकारी माणसं एकापासून, म्हणून कायम एक पाऊल मागे.”

“तुमचं कंत्राट जूनमध्ये संपतं. पुढे कुठे?”

हसू गेलं. “कंपनीने विचारलंय. मी हो म्हटलेलं नाही.”

“नाही म्हटलंय?”

“…तेही नाही.”

मग तक्रारदार आला. शर्टाची वरची गुंडी तुटलेली, दाढी वाढलेली. बसलासुद्धा नाही.

“पत्र हरवलं? वा! माझं दुकान हरवलं, अकरा माणसं घरी बसली, तेव्हा कुठल्या तपासनीसाला सर्दी झाली नाही.”

“कंपनीने तुम्हाला तडजोडीचं पत्र पाठवलंय.”

“पाठवलंय. मी त्याचे तुकडे करून त्याच पाकिटातून परत पाठवलेत. मोजून घ्या म्हणावं, शून्यापासून.”

“तुम्हालाही ते शून्य माहीत आहे म्हणायचं.”

“मी प्रोग्राम लिहितो, बाई. भजी तळत नाही.”

कंपनीच्या वकीलबाई वेळेवर आल्या, घड्याळ टेबलावर काढून ठेवलं आणि म्हणाल्या, “दहा मिनिटं.”

“पत्राची पेटी कुठली?”

“आमची एकसष्ट, यांची बासष्ट. पहिल्याच दिवशी या बाईंनी मला भलतीच पेटी आणून दिली. माझा तास गेला. तेव्हापासून मी एक मिळवून मागते. सरकारला शून्य शिकवायचं काम माझं नाही.”

“बुधवारी एक ते दीडमधे मांडण्यांत कोण गेलं?”

“मी वाचत होते. तुमची माणसं सारखी उठत-बसत असतात. सरकारी सवय.” मग माझ्याकडे वळून, गोड आवाजात, “तुमचा भाचा हुशार आहे हं. पुढे जाईल. जाऊ दिलं तर.”

माझ्या हातातली पेन्सिल मोडली. तपासनीस बाईंनी स्वतःची पुढे केली.

शेवटी मोठे वकील. त्यांना बोलावलंच कसं, याचा राग त्यांच्या चालण्यातसुद्धा होता.

“पत्र कुठल्या पेटीत होतं?”

“मला काय ठाऊक? मला पेट्या उचलायला नेमलेलं नाही. हवं तेव्हा बाई आणून देतात.”

“बुधवारी सतरा मिनिटं आत कशाला गेला होता?”

“माझं टिपण ताडून बघायला. चोरी माझी नाही, बाई, चोरी माझ्याकडे झालीय. सोमवारी न्यायालयात तोंडघशी मी पडणार आहे.”

“आणि शून्य?”

“कसलं शून्य?”

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “या आपण.”

४

ते गेल्यावर बाई उठल्या आणि मला म्हणाल्या, “चला. गाठी बघू.”

आम्ही दोघी मांडण्यांत शिरलो. दोनशे बारा गाठी. मी एकेकीवर हात ठेवत निघाले. माझ्या बोटांना माझी गाठ कळते, जशी स्वतःच्या हातची शिवण कळते. साठ नंबर वरच्या फळीवर, शिडीशिवाय हात पोचत नाही. ती माझी. एकसष्ट, कमरेच्या उंचीवर.

“ही माझी नाही,” मी म्हणाले. दुहेरी, आवळलेली गाठ, बुटाच्या नाडीसारखी.

शेजारच्या बासष्टची नाडी गुरुवारी मीच सोडली होती; घाईत नखांनी उकललेली ती गाठही अशीच दुहेरी होती, ते आत्ता आठवलं. त्रेसष्टपासून पुढे सगळ्या माझ्या.

आम्ही एकसष्ट जमिनीवर रिकामी केली आणि पानन् पान पाहिलं. जाहिरातींची बिलं, छपाईचे नमुने. पत्र नव्हतं. मी भिंतीला टेकून बसले. सगळं अंग दुखत होतं.

बाई मात्र खूश दिसल्या. सर्दीसुद्धा जरा कमी वाटली. त्यांनी बासष्टमधला तो कोरा कागद उजेडाला धरला, पुढून, मागून.

“दोन पेट्या का उघडल्या त्याने?” मी म्हणाले. “चुकून शेजारची ओढली असेल.”

“चुकून नाही. दुकानदार कधी चुकून कमी तोलत नाही. उद्या अकराला साहेबांच्या खोलीत या. आणि मोठ्या वकिलांना त्यांचं सोमवारचं दप्तर घेऊन यायला सांगा. सगळं.”

“त्यांचं दप्तर कशाला?”

“आणि बाई,” दारात थांबून त्या म्हणाल्या, “बाथरूमची गोष्ट मी अजून वहीत लिहिलेली नाही. उद्यापर्यंत खरी आठवली तर बघा.”

५

शनिवारी कचेरी बंद. साहेबांच्या खोलीत आम्ही चौघंच होतो: साहेब, मोठे वकील, तपासनीस बाई आणि मी. मला खुर्ची दिली नाही.

बाईंनी कोरा कागद टेबलावर ठेवला. “चोर वस्तू नेतो आणि जागा रिकामी सोडतो. हा भरून गेला. का? फाइल जाड दिसावी म्हणून? एका कागदाने फाइल जाड होत नाही. तो भरून गेला, कारण दारावर पैलवान मोजतो. एक कागद बाहेर न्यायचा तर एक आत ठेवलाच पाहिजे.”

“मग चौघांपैकी कुणीही असेल,” साहेब म्हणाले.

“नाही. कंपनीच्या वकीलबाई आणि तक्रारदार बाहेरचे. त्यांच्या प्रत्येक कागदावर जांभळा शिक्का पडतो, आणि मूळ पत्रावर तो नव्हता. म्हणजे ते बाहेर नेता आलं नसतं. आणि या कोऱ्या कागदावरही शिक्का नाही. हा आपल्या माणसाने आत नेला. आपली माणसं तीन. गुरुजी, या बाई, आणि आपण, वकीलसाहेब.”

मोठे वकील हसले. “चांगलं चाललंय. पुढे?”

“पुढे एकसष्ट नंबरची पेटी. चोराने आधी ती उघडली. तिच्यात उपाहारगृहाची फाइल नव्हती, म्हणून हाताला आली ती शेजारची उघडली. साठ नंबर फळीवर, शिडी लागते. म्हणजे त्याच्याकडे एकसष्ट हा आकडा होता. तो आकडा फक्त कंपनीच्या यादीत आहे. बाईंनी आमच्या चिठ्ठ्या स्वतःच्या हाताने डकवल्या, त्या एकसष्टला हात लावणार नाहीत. गुरुजी शून्यापासून मोजणारे, चारही वेळा त्यांनी बासष्टच मागितली. कंपनीने आकडा दिला, आणि ज्याला दिला त्याने आयुष्यात एकही पेटी उचललेली नव्हती. आपल्याच माणसांत बसून ज्याला आपल्या पेट्या कुठून सुरू होतात हे ठाऊक नव्हतं, असा एकच.”

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“दप्तर उघडा,” बाई म्हणाल्या.

“हा माझा अपमान आहे.”

“आहे. उघडा.”

“तुम्हाला वाटतं, चोरलेलं पत्र मी इथे घेऊन येईन?”

“हो. वकील माणूस चोरी करायच्या आधी बचाव तयार ठेवतो. घरी सापडलं तर चोरी. दप्तरात सापडलं तर चुकून मिसळलं. आणि फाडणार तर नाहीच. कंपनीने जे कबूल केलंय ते पदरात पडेपर्यंत हा कागद हेच आपलं तारण.”

साहेबांनी स्वतः दप्तराची दोरी सोडली. चौदाव्या कागदाच्या खाली, झेरॉक्सच्या मागे, ते होतं. समासात निळी पेन्सिल.

मोठ्या वकिलांनी कपाळ पुसलं. पण आवाज जराही हलला नाही.

“बरं झालं सापडलं. बुधवारी मी आत गेलो तेव्हा याच बाईंनी झेरॉक्सच्या गठ्ठ्यात घालून माझ्या हातात दिलं. मी पाहिलं नाही. कोरा कागद? त्यांनीच ठेवला असेल. पेट्या? त्यांच्याच ताब्यात. एकसष्ट हा आकडा भाच्याने दिला नसेल कशावरून?” ते साहेबांकडे वळले. “मला दोष देण्याआधी एवढंच बघा, की कंपनीत भाचा कुणाचा आहे. माझा नाही.”

साहेब माझ्याकडे बघायला लागले. आणि त्या नजरेत मला कळलं, की ते त्यांना पटतंय.

६

“बुधवारी एक वाजून आठला हे आत गेले,” तपासनीस बाई हळू म्हणाल्या, “आणि एक पंचवीसला बाहेर आले. पैलवानाच्या वहीत आहे. त्या सतरा मिनिटांत बाई खोलीत होत्या, तर हे म्हणतात ते शक्य आहे. नव्हत्या, तर खोटं आहे. खाली ऑपरेटरच्या वहीत दफ्तरखान्यासाठी एक फोन नोंदलाय. एक पाच ते एक अठ्ठावीस. कुणाचा, ते लिहिलेलं नाही. घेतला कुणी, तेही नाही.”

तर त्यांना कालपासून माहीत होतं. तोंड मात्र मलाच उघडायचं होतं.

“बाई,” साहेब म्हणाले, “फोन तुम्ही घेतला होता?”

मोठे वकील माझ्याकडे बघून बारीक हसले. त्यांनाही ठाऊक होतं ना, फोन कुणाचा. त्यांना खात्री होती, मी मावशी आहे, बोलणार नाही.

खरं सांगते, मी तेव्हा सत्याचा विचार केला नाही. खटल्याचाही नाही. मला ते हसू दिसलं. त्या माणसाने माझ्या माहेरच्या मायेचा हिशेब आधीच मांडून ठेवला होता, आणि त्यावर निर्धास्त बसला होता.

“माझ्या बहिणीचा फोन होता,” मी म्हणाले. “तिला तिच्या मुलाने सांगितलं होतं, एक वाजून पाचला लाव, वीस मिनिटं तरी सोडू नकोस. त्याला त्याच्या साहेबांनी सांगितलं असणार. तिला विचारा. ती खोटं बोलत नाही. रागावेल, पण बोलणार नाही.”

साहेबांनी तिथूनच फोन लावला. मला ताईचा आवाज ऐकू येत नव्हता, फक्त साहेबांचं ‘हो… हो… किती वाजता?… कुणी सांगितलं?’ एवढंच. मग त्यांनी रिसीव्हर माझ्यासमोर धरला. “तुम्हाला बोलावतायत.”

“सांगितलंस?” ताई म्हणाली.

“हो.”

“बरं.” आणि तिने फोन ठेवला. आम्हा बहिणींचं ते शेवटचं बोलणं.

मोठे वकील खुर्चीतून उठले, दप्तराची दोरी पुन्हा बांधायला लागले. अखेर त्यांनी एक दुहेरी गाठ मारली, आवळून, आणि तिच्याकडे स्वतःच बघत राहिले.

७

सोमवारी अकराला पत्र न्यायाधीशांच्या टेबलावर होतं. खटला आम्ही जिंकलो. दोन वर्षांनी वरच्या न्यायालयात शिक्षा घासून घासून एवढी झाली, की कंपनीने पुढे नीट वागायचं वचन द्यावं. तिने दिलं. आजही ती आहे, तेव्हापेक्षा चौपट, आणि अजून तशीच वागते.

मोठ्या वकिलांची सनद तीन वर्षं काढून घेतली. नंतर ते एका कॉलेजात वकिलांची नीतिमत्ता शिकवायला लागले. विनोद म्हणून सांगत नाही, छापील पत्रकात वाचलं मी. गेले तेव्हा वर्तमानपत्रात अर्धा रकाना आला. कंपनीच्या वकीलबाई पुढे न्यायाधीश झाल्या आणि कडक होत्या असं ऐकलं. गुरुजींनी जूनमध्ये कंपनीला हो म्हटलं. तक्रारदार निकालाच्या दिवशी आला नाही. त्याचा प्रोग्राम तेव्हा कुणी वापरतच नव्हतं. पुढे तो एका शाळेत प्रिंटर दुरुस्त करायचा, आणि तिथेही भांडायचा. पैलवान सेवानिवृत्तीच्या दिवशी सगळ्यांचे खिसे तपासून मगच गेला.

तपासनीस बाईंना पुन्हा वजनमापांत पाठवलं. त्यांनी जाताना माझा निरोपसुद्धा घेतला नाही. त्यांच्या अहवालात माझ्याविषयी एक ओळ होती: ‘खोली सोडली, आणि दोन दिवस खोटं बोलल्या.’ त्या ओळीवर माझी बढती थांबली. ओळ खरी होती.

भाच्याला कंपनीने मंगळवारी काढलं. दोन वर्षं त्याला कुणी उभं केलं नाही. मग तो दूर देशी गेला, तिथे स्वतःचं काही काढलं, ते चाललं. ताईने मला दार बंद केलं. मी पत्रं लिहिली, परत आली. लग्नाकार्यात समोरासमोर आलो की ती खोली बदलायची. नातेवाइकांना सांगायची, माझ्या पोराचा काय दोष? त्याला साहेबांनी सांगितलं, बिचाऱ्याने घरी निरोप दिला. बावीस वर्षं ती हेच सांगत होती, आणि मी ते मान्य करून बसले होते. लेकरू निरागस होतं, मी स्वतःला वाचवायला त्याचा बळी दिला. म्हातारपणी मला याहून दुसरं काही वाटत नसे.

ताई गेली तेव्हा भाचा आला. पन्नाशीला टेकलेला, केस पांढरे. कपाटातल्या तिच्या साड्या आम्ही दोघं घडी घालून वेगळ्या करत होतो. त्याने एक साडी हातात धरून ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “मावशी, मला माहीत होतं.”

“काय?”

“फोन कशासाठी लावायचा ते. साहेबांनी सगळं सांगितलं होतं. तू खोलीबाहेर राहायला हवीस, एवढंच काम होतं माझं. मला बढती देणार होते.”

बाहेर कुणीतरी भांडी लावत होतं. मी घडी पूर्ण केली.

“ताईला माहीत होतं?”

“नाही. तिला मी वेळ सांगितली आणि एवढंच म्हटलं, मावशीला जरा समजाव.”

“आणि नंतर? इतक्या वर्षांत कधी सांगितलंस तिला?”

त्याने साडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग मान हलवली, नाही म्हणून.